सहा टक्क्यांआधी आपल्या शाळेचा हिशेब मागा

अर्थसंकल्प आला की गावाकडच्या मित्रांशी फोनवर एकच वाद रंगतो: शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च कधी होणार? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये हे सुचवले, २०२० च्या धोरणातही तोच आकडा आहे. मागणी रास्तच आहे. पण आपल्याच गावच्या शाळेला यंदा किती पैसे आले, हे त्या मित्रांपैकी कुणालाच ठाऊक नसते.

मी राहतो त्या न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी शाळांच्या अंदाजपत्रकावर नागरिक थेट मतदान करतात. दोनदा नामंजूर झाले, तर करवसुली गेल्या वर्षीपेक्षा वाढवता येत नाही. साहजिकच लोक आकडे वाचतात, बसफेऱ्या आणि शिक्षकांच्या जागांवरून भांडतात.

तरी ही पद्धत आपल्याकडे नको. महागड्या घरांच्या गावात शाळा श्रीमंत, शेजारच्या गरीब वस्तीत ओढाताण. राज्याची मदत मिळूनही ही दरी पुरती बुजत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषद शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गडचिरोलीत आणि ठाण्यात वेतनश्रेणी एकच. याचे मोल मला इथे आल्यावर कळले.

आपले दुखणे पगाराखेरीजच्या पैशांत आहे. समग्र शिक्षा योजनेतले शाळा अनुदान पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल त्यातच. बिल थकून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या मग येणारच. वर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत, त्या एकत्र करा, असा सूर. एका मुलामागचा खर्च मांडताना वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीची पायपीट कुणीच धरत नाही. तिच्यासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असे राज्याचे नियमच सांगतात.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २२ तर फारच कमी लोकांनी वाचले असेल. शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखडा करायचा आणि सरकारी अनुदानाचा आधार तोच असायचा, असे त्यात स्पष्ट आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे अधिकार हातात आहे, नवा कायदा नको. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आराखड्यात किती मागितले, किती आले आणि कोणत्या महिन्यात आले?