बुडातून रोल भरताना

आपण फार संयमी आहोत असं ज्याला वाटतं, त्याने स्क्रू माउंटचा, म्हणजे लेन्स आट्यावर फिरवून बसवायचा, एखादा जुना लायका कॅमेरा घ्यावा आणि त्यात रोल भरून दाखवावा. कॅमेऱ्याला पाठ आहे, पण ती उघडत नाही. बुडाचं झाकण तेवढं निघतं. त्यावरच्या किल्लीशेजारी 'आउफ' आणि 'त्सू' असं जर्मनमध्ये कोरलेलं असतं, म्हणजे उघडा आणि बंद करा. उघडल्यावर दिसते एक फट, जेमतेम फिल्म सरकेल एवढी. तिच्यातून रोल आत घालायचा. लायकाच्या प्रतिस्पर्धी झाइसवाल्यांनी १९३२ सालीच आपल्या काँटॅक्स कॅमेऱ्याची पाठ सुटी करून दिली होती. लायकाने मात्र बूड सोडलं नाही. पाठ उघडती ठेवली की अंगाचा ताठपणा जातो, आणि लेन्स ते फिल्म हे २८.८ मिलिमीटरचं अंतर ढळतं, असं त्याचे भक्त सांगतात. असेल बुवा. ताठपणाची किंमत मात्र आपण मोजतो.

खरी गोम लीडरमध्ये आहे. आज दुकानात मिळणाऱ्या रोलचा पुढचा अरुंद कापलेला भाग चार-पाच सेंटीमीटरचा असतो. या कॅमेऱ्याला तो दहा सेंटीमीटर लागतो, म्हणजे कडेची सुमारे एकवीस छिद्रं. कंपनीने जी बाजू कापली आहे तीच कात्रीने पुढे वाढवत न्यायची आणि शेवटी गोलाई देऊन कडेला आणायची. ही गोलाई दोन छिद्रांच्या मधून जायला हवी. छिद्रातूनच कापलं तर तिथे एक टोकदार दात उरतो, तो आत अडकतो, फाटतो, आणि नखाएवढा तुकडा शटरच्या पडद्यात जाऊन बसतो. तो काढायला कॅमेरा उघडावा लागतो. उघडणारा माणूस नाशिकमध्ये शोधावा लागतो. शोधलाच, तर तो आधी, "हे काय आहे, दादा?" असं विचारतो.

लीडर बरोबर कापता यावा म्हणून लायकाने एक धातूचा साचा विकायला काढला होता, त्याचं नाव ॲब्लॉन. आज त्याची किंमत ऐकली की कात्री बरी वाटते. नखं कापायची कात्री घेऊ नका, तिच्या वळणामुळे कड दातेरी होते. शिवणाची सरळ कात्री उत्तम. घरातली तीच कात्री सापडत नसेल तर ती नेमकी कोण वापरतंय हे विचारण्याआधी दोनदा विचार करावा.

लीडर कापून झाला की फिल्म गुंडाळणारी रीळ बाहेर ओढून काढायची. लीडरचं टोक तिच्या पत्र्याच्या पट्टीखाली खोचायचं, फिल्मची कड रिळीच्या चकतीला टेकलेली ठेवून. मग एका हातात रोलची डबी, दुसऱ्या हातात रीळ, मध्ये ताणून धरलेला लीडर, आणि हे तिन्ही एकाच वेळी, एकाच सरळ रेषेत, कॅमेऱ्याच्या पोटात. लीडर फटीत अर्ध्यावर थांबला तर जोर करायचा नाही. काही जण लेन्स काढून, शटर उघडं धरून, व्हिजिटिंग कार्डाने फिल्म आत ढकलतात. जमतं ते, पण पडद्यावर बोट टेकलं की वेगळा खर्च सुरू होतो. नीट कापलेल्या लीडरला कार्ड लागत नाही.

या तक्रारी करताना नाशिकच्या माणसाने जरा आवाज खाली ठेवावा. दादासाहेब फाळके १८७० साली जन्मले ते इथून जवळच, त्र्यंबकेश्वरला. १९१२ साली त्यांनी लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणला, आणि त्याच्यासोबत फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्रही. कारण फिल्म यायची ती बिनछिद्रांची. अंधारात बसून ती छिद्रं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. पुढे लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक या गृहस्थाने सिनेमाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी करून आपल्या छोट्या कॅमेऱ्यात घातली, आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी, २४ बाय ३६ची एक चौकट केली. तेव्हा छिद्रं आयती मिळाली आहेत, नुसती मोजायची आहेत, एवढ्यावर कुरकुर शोभत नाही.

तर झाकण लागलं. आता फिल्म खरंच सरकते आहे का? हे कॅमेरा सांगणार नाही. या कॅमेऱ्याचा स्वभावच असा, की काहीही बिघडलं तरी तोंडातून ब्र काढत नाही. फिल्म सरकत नसेल तरी नॉब फिरतो, शटर वाजतं, मोजणीचा काटा पुढे जातो, आणि ३६ फोटो काढल्याचं समाधान पुरेपूर मिळतं. म्हणून झाकण लावल्यावर रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळणारा, नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मची ढील काढायची, मग फिल्म पुढे सरकवणारा नॉब फिरवताना रिवाइंडचा नॉब उलटा फिरतो का ते बघायचं. फिरला तर फिल्म चालते आहे. नाही फिरला तर झाकण पुन्हा उघडा. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

मौनव्रताचा दुसरा नमुना म्हणजे लेन्सचं टोपण. या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी लेन्स वेगळी. टोपण लावलेलं असलं तरी रामकुंड लख्ख दिसतो, आणि निगेटिव्ह धुऊन येते ती काचेसारखी कोरी. मग टोपणच काढून ठेवावं म्हटलं, तर वैशाखातलं ऊन आहे. आत आरसा नाही, रबर चढवलेल्या कापडाचा पडदा आहे. लेन्सचा फोकस अनंतावर आणि लेन्स उघडी ठेवून कॅमेरा गळ्यात सूर्याकडे तोंड करून लटकला, तर भिंगातून पडद्याला सुईएवढं भोक पडायला वेळ लागत नाही. त्यानंतर प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी एक पांढरा ठिपका. दोन फोटोंत दिसला तर तारा म्हणता येतं, छत्तिसांतही तिथेच दिसला तर पडदा. काळा फॅब्रिक पेंट अगदी पातळ लावून भोक बुजतं. जाड लावला की पडदा कडक होऊन वेग बिघडतो. यावर माझा उपाय म्हणजे टोपणाला दोरी बांधून ते लेन्सवरून लोंबतं ठेवणं. दिसायला वाईट दिसतं. दिसू द्या.

तिसरा नमुना ५० मिलिमीटरची, ३.५ची एल्मार. ही लेन्स पोटात ढकलून बसवता येते, म्हणून कॅमेरा खिशात मावतो. काढताना ओढून, फिरवून अडकवायची असते. ओढायला विसरलात तर सगळा घाट धुक्यात, आणि कॅमेरा पुन्हा गप्प. उजेड आत सोडणाऱ्या तिच्या छिद्राचे, म्हणजे ॲपर्चरचे, आकडेही जुन्या जर्मन पद्धतीचे, ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८. लाइट मीटरच्या आकड्यांशी ते जुळत नाहीत आणि फरक मनातल्या मनात करावा लागतो. भर दुपारी घाटावर शंभर आयएसओची फिल्म असेल तर १२.५ आणि शंभरावा सेकंद ठेवावा. थोडा जास्त उजेड जाईल, निगेटिव्ह त्यावर रागावत नाही.

शटरचा वेग नेहमी नॉब फिरवून फिल्म पुढे सरकवल्यानंतर लावायचा. लायकात आकडा चुकीचा वाचला जाईल एवढंच, पण फेद आणि झोर्की या सोव्हिएत भावंडांत आधीच वेग बदलला तर आतली खुंटी मोडू शकते. आणि फोटो काढताना ती वेगाची चकती स्वतः फिरते, तिला बोट लागता कामा नये. लागलं की पडदा अडखळतो आणि अर्धी चौकट काळवंडते.

सोव्हिएत भावंडांचा विषय निघालाच आहे. फेद १९३४ पासून खारकिव्हमध्ये बनायला लागला, थेट लायका दोनची नक्कल. झोर्की १९४८चा, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधला. दोन्ही कामाचे. त्रास आहे तो त्यांना सोन्याचा मुलामा देऊन, वर नाझी गरुड कोरून, 'लायका' म्हणून विकणाऱ्यांचा. नोटा नाशिकरोडला १९२८ पासून छापल्या जातात म्हणून त्या अशा कॅमेऱ्यांवर उधळाव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. लेन्स काढा आणि वरच्या कडेला आत बघा. रेंजफाइंडरला, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस दाखवणाऱ्या यंत्रणेला, ढकलणाऱ्या दांडीच्या टोकाला लायकामध्ये छोटं गोल चाक असतं, नकलेत टोकाशी पाचरीसारखा तुकडा. गरुड कितीही रुबाबदार असला तरी पाचर खरं बोलते.

लेन्सचं त्याहून अवघड. ३९ मिलिमीटरचा आटा असलेली प्रत्येक लेन्स आपली नाही. झेनिट या आरशावाल्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सलाही तेवढाच आटा, छान फिरून घट्ट बसते. पण तिला फिल्मपासून ४५.२ मिलिमीटर अंतर हवं आणि इथे मिळतं २८.८. त्यामुळे काहीच स्पष्ट येत नाही. एन्लार्जरची, म्हणजे फोटो मोठे छापायच्या यंत्राची, लेन्सही अशीच बसते, फक्त तिला फोकसच नसतो. विकणारे 'एम ३९, लायका फिट' एवढं लिहून मोकळे होतात. ज्युपिटर-१२ ही सोव्हिएत लेन्स घेताना तिची मागची काच बघा, ती इतकी आत घुसते की काही कॅमेऱ्यांत तिला जागाच नसते.

फोकस जुळतोय का हे तपासायचं तर गच्चीवर जावं. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर शोधावा, लेन्स अनंताच्या 'टक'पर्यंत न्यावी आणि रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एक होतात का ते बघावं. आडव्या सरकल्या असतील तर पुढच्या छोट्या स्क्रूने जुळतात, उभ्या सरकल्या असतील तर खिडकीच्या काचेची कडी फिरवावी लागते. दोन्ही अगदी केसभर. शेजारचे काका विचारतात, "काय बघताय एवढं, बांधकाम परवानगी आहे का त्या टॉवरला?" त्यांना हो म्हणावं. मग खाली येऊन वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायचं, टेपने बरोबर एक मीटर मोजायचा, लेन्स पूर्ण उघडायची आणि एक फोटो. लांबचं जुळलं म्हणजे जवळचं जुळतंच असं नाही.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते, आणि नाशिकचा पाऊस तिच्या बाजूचा आहे. चामडी कव्हर शोकेसला ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका, ओल तिथेच मुरते. घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल, आणि रंग बदलला की ती कढईत भाजणं. कढई वेगळी ठेवावी, हे सुचवायला नको.

काळ्या-पांढऱ्या रोलसाठी घरी धुणं हेच खरं. इल्फर्ड एचपी ५ ही फिल्म असेल तर डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं. आता एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांचं कुठून आणायचं? परातीत बर्फ, त्यात रसायनाच्या बाटल्या, आणि सगळ्या पाण्याचं, हायपोचं (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचं) आणि शेवटच्या धुण्याचंही, तापमान सारखं. एकदम गरम पाणी लागलं तर फिल्मच्या थरावर बारीक जाळी उठते.

रंगीत रोल मात्र मुंबईला पाठवावा लागतो, आणि सोबत चिठ्ठी. लीडर लांब कापलेला आहे, मशीनला लावताना सांभाळा. या जुन्या कॅमेऱ्यांत दोन चौकटींमधलं अंतर कधी चार मिलिमीटर, कधी शून्य, म्हणून स्कॅनरला आपोआप कापू देऊ नका, चेहऱ्यावरून कात्री जाते. पट्ट्याही करू नका, अख्खी निगेटिव्ह गुंडाळी करून परत द्या. हे सगळं वाचून लॅबमधून फोन येतो, "साहेब, मग आम्ही फक्त बघायचंच का?"