मशीन भारी, पण गुण्यात कुठंय?

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल फिरतं पातं वर येतं ती विजेची करवत, घरी येऊन तीन आठवडे झाले. रात्री अंथरुणात पडलो तरी डोक्यात मिलिमीटरच चालू असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

लाकूडकाम हा माझा रविवारचा उद्योग. आजवर हातातल्या सर्क्युलर सॉवर भागवलं. पण लेकीच्या पुस्तकांसाठी भिंतभर कपाट करायचं ठरलं, १८ मिमी प्लायचे आठ बाय चारचे तीन शीट आणले आणि घरात जाहीर केलं की आता टेबल सॉ हवाच. महिनाभर तुलना केली. वॉट किती, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, ब्लेड आठ इंची की दहा इंची. शेवटी १८०० वॉटचा, दहा इंची घेतला. पस्तीस हजारांच्या वर गेला. (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

पहिलीच पट्टी कापली तर कड जळून काळी आणि पार्किंगभर धूर. वाटलं, ब्लेड बोथट असेल. नव्या मशीनचं ब्लेड बोथट कसं असेल, हे तेव्हा सुचलं नाही. मग प्लग काढून ब्लेडच्या एका दातावर मार्करनं खूण केली. तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचं (लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं तो सरळ कठडा) अंतर मोजलं: १०० मिमी. तोच दात फिरवून मागे नेला: ९८.८. म्हणजे फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे सव्वा मिलिमीटर झुकलेला. ठीक आहे, पुस्तिका काढली, स्क्रू ढिले केले, सरळ केला, आवळला. पुन्हा लावला तर ९९.३. काढून पुन्हा लावला तर १००.६. फेन्स पुढच्या बाजूला कुलूप लावल्यासारखा बसतो, मागचं टोक मात्र मोकळंच. रोज नवा मुक्काम.

"एक मिलिमीटरनं काय होतंय एवढं?" असं घरच्यांनीही विचारलं. होतं ते असं. ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, मागचे दात वर येत असतात. फेन्स मागे झुकला की लाकूड त्या मागच्या दातांवर आवळलं जातं, दात ते उचलतात आणि थेट आपल्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. ४८०० आरपीएमला दहा इंची ब्लेडच्या दाताचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो, गुणाकार करून बघा. माझी पट्टी कमरेशेजारून गेली आणि मागे उभ्या स्कूटरच्या पत्र्यात पोचा पाडून थांबली. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही ही एक सवय होती, तेवढ्यावर निभावलं.

कस्टमर केअरला फोटो पाठवले, मोजपट्टी लावून काढलेला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर, टॉलरन्समध्ये आहे." म्हणजे चालण्याइतकाच फरक. कोणाच्या टॉलरन्समध्ये? माझ्या तर नक्कीच नाही. परत घ्या म्हटलं तर जोडलेलं मशीन परत होत नाही. गार्डचं, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाचं, प्लॅस्टिक इतकं धुरकट की खालची खूण दिसत नाही, अशी तक्रार केली तेव्हा फोनवरचा टेक्निशियन अगदी आपुलकीनं म्हणाला, "गार्ड काढूनच टाका सर, सगळे काढतात."

इथे माझं डोकं फिरलं. या मशीनवर गार्ड आणि रायव्हिंग नाइफ एकाच पट्टीवर बसवलेत. गार्ड काढला की ब्लेडमागची ती पोलादी पट्टीही जाते, जी कापलेली फट मिटू देत नाही आणि किकबॅक अडवते. म्हणजे वैतागून गार्ड काढावा असाच तो बनवायचा, आणि बोटं गेली की म्हणायचं, गार्ड का काढलात? अमेरिकेत स्टीव्ह गास नावाच्या माणसानं सॉस्टॉप बनवला, बोट लागताच काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबतं. मला ते नको, परवडणारही नाही. मला सरळ बसणारा फेन्स हवाय हो! खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरात छापता येतात, फेन्सचा सरळपणा छापता येत नाही, म्हणून पैसे सगळे मोटरमध्ये. आणि आम्ही गिऱ्हाईकही महिनाभर वॉटच मोजत बसतो.

एक गाढवपणा माझाही. सोबतच्या २४ दातांच्या ब्लेडनं प्लायचे टवके निघत होते, म्हणून ६० दातांचं आणलं. त्यानं लाकडात पडणारी फट १.८ मिमी, रायव्हिंग नाइफ २.२ मिमी जाड. लाकूड अर्ध्यात जाऊन अडकलं. नाइफची जाडी त्याच्यावरच कोरलेली होती, मी वाचली नव्हती.

परवा गल्लीतले सुतारकाका आले. प्लायच्या टेबलाखाली कटर उलटा बांधून त्यांनी जन्मभर काम केलंय. त्यांनी ब्लेड वर केलं, दोन दातांच्या मध्ये पात्याला गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) टेकवला, एक डोळा मिटला. मशीनवरचा कोनाचा काटा शून्यावर होता आणि गुण्याखालून उजेड दिसत होता.

"मशीन भारी आहे साहेब, पण गुण्यात कुठंय?"

मग त्यांनीच स्टॉप स्क्रू फिरवून ते नव्वदला आणलं. फेन्स उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप दोन सी-क्लॅम्पनी टेबलावर आवळला. आता प्रत्येक कापाआधी पुढे मोजायचं, मागे मोजायचं, मगच बटण. कपाटाच्या अकरा फळ्यांपैकी चार झाल्यात.

६० दातांचं, दहा इंची, पातळ ब्लेड कुणाला हवं असेल तर सांगा. दीड काप झालेत फक्त.