‘गुलामांच्या व्यापारात जर्मनी नव्हता’ हे साफ चूक आहे, ग्रोस फ्रीडरिश्सबुर्गचा इतिहास बघा

एक पोस्ट सध्या खूप शेअर होतेय. म्हणणं असं की ब्रिटिश, पोर्तुगीज, डच, फ्रेंच यांनी आफ्रिकेतून माणसं उचलून विकली, पण जर्मनी या शर्यतीत उतरला तोच १८८४ मध्ये, त्याआधी त्याचं आफ्रिकेत काहीच नव्हतं, म्हणून त्या पापात जर्मनांचे हात स्वच्छ आहेत. खाली कमेंटमध्ये कुणी ग्रोस फ्रीडरिश्सबुर्ग या जुन्या जर्मन किल्ल्याची आठवण करून दिली की ठरलेली उत्तरं येतात: तेव्हा जर्मनी देशच नव्हता, तो किल्ला फक्त सोन्यासाठी होता, स्थानिक लोक जर्मनांवर एवढे खूष की त्यांनी स्वतः तो राखला, आणि प्रशियाच्या राजाला गुलामगिरी पटली नाही म्हणून त्याने तो विकून टाकला. यातलं एकेक बघू, कारण यात हजारो माणसांच्या आयुष्याचा हिशोबच पुसला जातोय आणि ते मला सहन होत नाही.

पहिलं, १८८४. आपल्याकडे शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आफ्रिकेची वाटणी म्हटलं की बर्लिन परिषद आणि बिस्मार्क, त्यामुळे हे पटकन पटतं. बिस्मार्कच्या जर्मन साम्राज्याच्या वसाहती १८८४ पासून सुरू झाल्या हे खरंच आहे. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १ जानेवारी १६८३ ला, आजच्या घानाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोकेसू गावाजवळच्या टेकडीवर ओटो फ्रीडरिश फोन डेर ग्रोबेन नावाच्या अधिकाऱ्याने ब्रांडेनबुर्गचा (बर्लिनभोवतीचं जर्मन राज्य, पुढे हेच प्रशिया म्हणून ओळखलं गेलं) लाल गरुडाचा झेंडा लावला आणि त्या जागेला नाव दिलं ग्रोस फ्रीडरिश्सबुर्ग. त्याच वर्षी इकडे संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांवर चालून गेले होते, म्हणजे किती जुनी गोष्ट आहे ते लक्षात येईल. पुढे जवळच अक्विडाला डोरोथिया नावाचा दुसरा किल्ला झाला, वर आजच्या मॉरिटानियात आर्गँ बेट घेतलं, आणि १६८५ मध्ये डॅनिश लोकांशी करार करून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर जागा मिळवली. आता विचार करा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्ला आणि समोर अटलांटिकच्या पलीकडे ऊसमळ्यांच्या बेटांवर विक्रीची जागा, ही जोडी कुणी कशासाठी लावतं?

‘तेव्हा जर्मनी नव्हताच’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, जर्मन साम्राज्य १८७१ चं. पण मग त्याच काळातला संगीतकार बाखसुद्धा जर्मन नाही म्हणायचं का? ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने, म्हणजे तिथल्या शासकाने, फ्रीडरिश विल्हेल्मने, १६८२ मध्ये स्वतःच्या हुकमाने ब्रांडेनबुर्ग-आफ्रिकन कंपनी काढली, बेंयामिन राउले या डच व्यापाऱ्याला हाताशी धरून. त्याच घराण्याने पुढे प्रशियाचे राजे आणि जर्मनीचे कैसर दिले. आणि त्याच्याही आधी, १५२८ मध्ये, वेल्झर या आउग्सबुर्गच्या सावकार घराण्याशी संबंध असलेल्या जर्मन व्यापाऱ्यांनी स्पेनच्या राजाकडून ४००० आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून अमेरिकेत न्यायचा परवाना घेतला होता. तेव्हा हातांचा विषय काढायचा तर तिथून काढावा लागतो.

आता ‘फक्त सोन्यासाठी’. सुरुवातीला सोनं आणि हस्तिदंताची ओढ होती, नाही कोण म्हणतंय? पण कंपनीचा धंदा माणसांवरच आला. योहान पेटर ओटिंगर नावाचा न्हावी-वैद्य या कंपनीच्या जहाजावर १६९२-९३ मध्ये होता, त्याची डायरी उपलब्ध आहे. त्याच्या जहाजाने आजच्या बेनिनमधल्या विदा बंदरात सातशेहून जास्त माणसं विकत घेतली आणि सेंट थॉमसला नेली. विकत घेतलेल्या माणसाला तपासायचं, मग तापलेल्या लोखंडाने अंगावर कंपनीच्या नावाची अक्षरं उमटवायची, हे सगळं त्यात आहे, आणि हे कुणा विरोधकाने केलेले आरोप नाहीत, कंपनीच्याच पगारी माणसाने लिहून ठेवलंय. एकूण किती माणसं नेली याचे इतिहासकारांचे अंदाज साधारण पंधरा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. पोर्तुगीज आणि ब्रिटिशांच्या आकड्यांपुढे हे कमी आहे, मान्य. पण पोस्टचा दावा ‘कमी’ असा नाहीये ना, ‘स्वच्छ’ असा आहे! मळ्यावर विकल्या गेलेल्या बाईला तिच्या अंगावरची अक्षरं छोट्या कंपनीची आहेत की मोठ्या, याने काय फरक पडणार होता?

स्थानिक लोकांच्या प्रेमाची गोष्ट सगळ्यात जास्त शेअर होते, आणि मुळात ती फार दमदार आहे, पण उलट्या अर्थाने सांगितली जाते. करार झाले होते हे खरं, १६८१ मध्ये अहांता लोकांच्या तीन प्रमुखांशी पहिला, नंतर ग्रोबेन आल्यावर आणखी प्रमुखांशी. ग्रोबेनने स्वतः लिहिलंय की बंदुकीची दारू मिसळलेली ब्रँडी सगळ्यांनी पिऊन शपथ घेतली. पण त्या प्रमुखांना शेजारच्या शत्रूंपासून आणि डचांपासून संरक्षण हवं होतं, डचांचा किल्ला जवळच आक्सिमला होता. करारात अट अशी की ते व्यापार फक्त ब्रांडेनबुर्गशीच करतील. याला गरजेपोटी केलेला सौदा म्हणतात, प्रेम नाही.

मग येतो जॅन कॉनी. हा त्याच भागातला बडा व्यापारी आणि सरदार, स्वतःची फौज बाळगून असलेला. प्रशियाने किल्ला डचांना विकला, शेवटचे प्रशियन निघून गेले, आणि डच ताबा घ्यायला आले तर कॉनीने सांगितलं की मी फक्त प्रशियाच्या राजाच्या माणसाला ओळखतो, तुम्हाला नाही. १७१८ मध्ये उतरलेल्या डच तुकडीला त्याने मार देऊन परत पाठवलं. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनी खांदेरीवर आलेल्या इंग्रजांना परतवलं होतं. कॉनीने तो किल्ला १७२४-२५ पर्यंत राखला आणि तिथून जो जहाज घेऊन येईल त्याच्याशी स्वतःच्या अटींवर धंदा केला. सोनं विकलं, आणि माणसंसुद्धा विकली, हे लपवायचं कारण नाही. म्हणजे तो लढला स्वतःच्या बंदरासाठी आणि स्वतःच्या सत्तेसाठी, आणि प्रशियाचं नाव त्याला डचांविरुद्ध उपयोगी पडत होतं. त्याला ‘राजाचा इमानी सेवक’ करून टाकणं म्हणजे एका आफ्रिकन माणसाची लढाई त्याच्याकडून काढून घेऊन युरोपातल्या राजाच्या खात्यावर जमा करणं. मला या पोस्टमधलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. कॅरिबियनमधल्या जंकानू उत्सवाचं नाव त्याच्यावरून पडलं असंही काही अभ्यासक मानतात, त्यावर एकमत नाही.

राहिला प्रश्न गुलामगिरी न पटण्याचा. कंपनी १६९० च्या दशकापासूनच डबघाईला आली होती, राउलेला १६९८ मध्ये श्पांडाउच्या तुरुंगात टाकलं, १७११ मध्ये सगळं राजाने ताब्यात घेतलं. १७१३ ला गादीवर आलेल्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिल्याला समुद्रात रस नव्हता, त्याला जमिनीवरचं सैन्य उभं करायचं होतं आणि तोट्यातला धंदा नको होता. त्याने डच वेस्ट इंडिया कंपनीशी १७१७ मध्ये व्यवहार केला. त्याचा मोबदला वाचा: एकूण ७२०० डुकाट (सोन्याची नाणी) आणि बारा काळी मुलं, त्यातल्या सहा जणांच्या गळ्यात सोन्याची साखळी. ज्याला माणसांची विक्री नकोशी वाटते तो किमतीतच माणसं मागतो का?

आणि हे सगळं विसरलेलं, नंतरच्या जर्मनीशी संबंध नसलेलं प्रकरण आहे असंही कुणी म्हणू नये. १८९० च्या दशकात, नव्या वसाहतींच्या जोशात, बर्लिनमध्ये श्प्रे नदीकाठच्या रस्त्याला ग्रोबेनचं नाव दिलं गेलं, म्हणजे त्यांनी स्वतःच हा धागा जोडला. ते नाव २०१० मध्ये बदललं आणि मे आयिम या घानाई वडिलांच्या जर्मन कवयित्रीचं नाव दिलं, तेही तिथल्या लोकांनी बराच काळ मागणी लावून धरल्यावर. किल्ला अजून उभा आहे, घानाच्या प्रिन्सेस टाउनमध्ये, आणि तिथल्या बाकीच्या किल्ल्यांसोबत १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ज्यांनी ती पोस्ट टाकलीय त्यांनी निदान ‘हात स्वच्छ’ हे दोन शब्द काढावेत आणि १८८४ च्या आधी १६८३ लिहावं.