पुढचा ब्रेक काढू नका, आणि तो उजव्या हातालाच राहू द्या

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुलांच्या सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असेल तर लगेच डावीकडे घ्या, कारण उजव्या हातात जोर जास्त आणि मूल डोक्यावर पडतं. अमेरिकेत तसा कायदाच आहे. शिवाय वळताना हात दाखवायला उजवा हात मोकळा लागतो. कंपन्या केबल वाचवायला तो उजवीकडे देतात. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पुढचा ब्रेक काढूनच टाका, मागचा पुरतो. हे वाचून माझ्या ताईने भाच्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक सोडवून आणला. पोरगा रोज नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या उतारावरून क्लासला जातो. म्हणून राहवत नाही.

'मागचा पुरतो' ही ओळ सगळ्यात घातक, तेव्हा आधी तीच. मागचा पुरत नाही. ब्रेक दाबला की अंगाचा भार पुढे जातो. पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाची रस्त्यावर पकड राहत नाही. त्यामुळे मागचा कितीही करकचून दाबा, चाक जाम होतं आणि सायकल घसरत पुढे जातच राहते. भाच्याचं मागचं टायर पाहिलं तर एका जागी नक्षी घासून पार गुळगुळीत झालेली. पुढे केबलची वाकडी नळी सुटून लोंबतेय आणि ब्रेकचे रबर रिमपासून बोटभर लांब.

आकडे मांडून बघा. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर साधारण 0.5 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या, इतक्या जोराने वेग कमी करता येतो. नुसत्या मागच्याने त्याच्या जेमतेम निम्मा. म्हणजे पुढच्या ब्रेकने सायकल तीन मीटरच्या जरा पुढे थांबते आणि मागच्याने सहा मीटर ओलांडून. ब्रेक दाबेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलंच नाही. व्हरायटी चौकात अचानक आडवा आलेला ऑटो या तीन मीटरांतच असतो. आईबापांनी लेकराचा हाच ब्रेक स्वतःच्या हाताने काढायचा?

पुढचा ब्रेक एकदम आवळला तर माणूस हॅन्डलवरून जातो, हे खरं आहे, मान्य करावंच लागेल. पण बहुतेक वेळा हात ढिले असतात, सायकल थांबते आणि अंग थांबत नाही म्हणून तो जातो. वाळूवर, ओल्या मातीवर किंवा वळणावर तर पुढचा ब्रेक जपूनच लावायचा. यावर उपाय शिकवणं हा आहे. मोकळ्या मैदानावर नेऊन मुलाला दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायला लावा. कोपर ताठ, बूड सीटवर मागे. मागचं चाक घसरायला लागलं की पुढच्याचा दाब थोडा सोडायचा. एका संध्याकाळी मूल हे शिकतं.

आता उजव्या हाताचं. ताई स्वतः ॲक्टिव्हा चालवते. तिच्या उजव्या हातात कुठला ब्रेक आहे? पुढचा. मोटारसायकललाही उजव्या हातात पुढचाच, मागचा पायात, अगदी अमेरिकेतसुद्धा. उजव्या हाताच्या जोराने माणसं उलटत असती तर नागपुरात एक दुचाकी धड घरी पोचली नसती. जो मुलगा चार-पाच वर्षांनी स्कूटरवर बसणार, त्याचा हात आज उलटा का वळवायचा? घाईच्या क्षणी डोकं विचार करत नाही, हात सवयीने दाबला जातो. घरातल्या सगळ्या सायकली एकसारख्या हव्यात, हे खरं महत्त्वाचं. ज्याला वर्षानुवर्षं डावीकडचीच सवय आहे, त्याने खुशाल डावीकडे ठेवावा.

अमेरिकेचा नियम खरा आहे. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नियमात पुढचा ब्रेक डावीकडे, मागचा उजवीकडे असंच लिहिलंय. पण त्याच कलमात पुढे आहे की गिऱ्हाइकाने मागितलं तर बाजू उलट करून देता येते. म्हणजे उजवीकडचा पुढचा ब्रेक त्यांनाही जीवघेणा वाटत नाही. आणि ब्रिटनचा 2010 चा सायकल सुरक्षा नियम बरोबर उलटा आहे: उजव्या हाताला पुढचा, डाव्या हाताला मागचा. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात. मेसेजवाल्याने नेमका रस्त्याच्या उजवीकडून चालणारा देश उचलला.

हात दाखवण्याचा मुद्दाही आपल्याच बाजूचा आहे. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर, हॅन्डलवर एकटा डावा. एका हाताने अंग पेलत पुढचा ब्रेक मारणं अवघड, तेव्हा त्या डाव्या हातात सौम्य असा मागचा ब्रेकच बरा.

राहिलं ते 'कंपन्या केबल वाचवायला उजवीकडे देतात'. हॅन्डलपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच आहे. टेप लावून मोजा.