सौम्य लाठीमार आणि थंड चहा

सकाळी दाराच्या कडीत पेपर खुपसला जातो आणि माझा चहा थंड व्हायला लागतो. कारण मी पेपर वाचत नाही, तपासतो. तीन पेपर, एक लाल पेन्सिल आणि कपात हळूहळू जमणारी साय.

सुरुवात व्याकरणापासून. घटना एकच, पण पहिला पेपर लिहितो, ‘पोलिसांनी लाठीमार केला’. दुसरा म्हणतो, ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’. तिसऱ्यात नुसताच ‘जमावावर लाठीमार झाला’. या शेवटच्या वाक्यात कर्ता शोधा. शाळेतल्या नियमाने तो लाठीमारच निघतो. म्हणजे काठ्या आपण होऊन उठल्या, काम केले आणि परत कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सौम्य लाठीमाराचे वळ कुठल्या रंगाचे उठतात, हेही कुणी छापलेले नाही. ‘अतिक्रमणांवर हातोडा’ आणि ‘ऐन पावसात संसार रस्त्यावर’ या दोन मथळ्यांखालची झोपडपट्टीही बऱ्याचदा एकच असते.

क्रियापदांनंतर आकडे. इथे चहाची पूर्ण आशा सोडावी. 9 मे 2025 पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 झाले आणि वातानुकूलित बसचे 6 वरून 12. आता मथळा तुम्हीच द्या. ‘बेस्टचा प्रवास दुप्पट महाग’? खरे आहे. ‘फक्त पाच रुपयांची वाढ’? तेही खरे. जुलै 2019 मध्ये भाडे उतरवले त्याआधी साध्या बसला किमान 8 रुपये पडत होते. तिथून मोजले तर ‘सहा वर्षांत अवघी 25 टक्के वाढ’. आणि वातानुकूलित बसला तेव्हा 20 पडत, म्हणून ‘गारेगार प्रवास 40 टक्के स्वस्त’ असेही बिनदिक्कत छापता येईल. चारही मथळे खरे, एकातही खोटा शब्द नाही. कंडक्टर मात्र दहाची नोटच मागतो. म्हणून टक्का दिसला की मी समासात तीन प्रश्न लिहितो: कशाचे टक्के, कधीपासून, आणि रुपयांत किती? बातमीत या तिन्हींची उत्तरे सापडली तर तो दिवस मी सणासारखा साजरा करतो. अजून तरी पुरणपोळीचा योग आलेला नाही.

सगळ्यात सोपी शिकार म्हणजे शनिवारची घरांची पुरवणी. दिसायला बातमी, वाचायला बातमी, पण अक्षराचे वळण मुख्य पानापेक्षा केसभर निराळे. लेखकाचे नाव नाही, एकही अडचणीचा प्रश्न नाही आणि स्टेशन ‘पाच मिनिटांवर’ (कोणाच्या पायांनी, ते विचारू नये). कोपऱ्यात ‘जाहिरात’ हा शब्द मुंगीएवढा असतो; तो नाही सापडला तर तळाशी महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, क्रमांक बघा. बातमीला नोंदणी क्रमांक लागत नाही, जाहिरातीला लागतो.

निवडणुकीतल्या विकाऊ, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या, बातम्यांचा तर वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये सविस्तर अहवालच केला. वाचकांपासून लपवलेल्या व्यवहारांबद्दलचा हा अहवाल कौन्सिलने स्वतःच पुरा छापला नाही. माहिती आयोगाने सांगितल्यावर 2011 मध्ये तो लोकांसमोर आला.

पेपर मी शेपटीकडून वाचतो, हे लोकांना विचित्र वाटते. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे बहुधा शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत कोंबलेले असते. रात्री उशिरा जाहिरात आली की उपसंपादकाची कात्री खालूनच चालते आणि पहिला बळी त्याच दोन ओळींचा जातो. ‘न्यायालयाने झापले’ वाचले की तो आदेश होता की सुनावणीत न्यायमूर्ती नुसते बोलले, ते शोधतो. ‘सूत्रांनुसार’ला गोल करतो. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर ‘नाही’ धरून पुढे सरकतो. असा बराच वेळ वाचतो.

एक कबुली दिली पाहिजे. माझ्या नावडत्या पक्षाच्या बातमीवर पेन्सिल सपासप चालते. आवडत्याची आली की नेमके टोक मोडते. म्हणून हल्ली मी नावे झाकून वाचतो. तिथे तिसऱ्या कुणाचे नाव घालून वाक्य तितकेच पटते का ते पाहतो. बऱ्याचदा पटत नाही, आणि मग चहाबरोबर तोंडही कडू होते.

राहता राहिला पाऊस. ‘मुंबईत विक्रमी पाऊस’ वाचले की विचारायचे, कुठल्या मुंबईत? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. शहर एक, दिवस एक. नुसत्या कुलाब्याचा आकडा छापला असता तर तो दिवस एक सर येऊन गेल्यासारखा दिसला असता.

आतून आवाज येतो, “पेपर वाचून झाला असेल तर सांग, छत्री घेऊ की नको?”

“कुलाबा की सांताक्रूझ?” मी विचारतो.

उत्तर येत नाही. दार लागल्याचा आवाज येतो, आणि खुंटीवरची छत्री गेलेली असते.