कांदा, पाणी आणि बंदूक

इकडे अमेरिकेत कुठल्या शाळेत गोळीबार झाला की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिंपळगावच्या चुलतभावाचा ठरलेला मेसेज येतो. "तुम्ही लोक बंदुका बंद का नाही करत? आता तर तुला मत आहे ना. द्यायचं सरळ बंदुकवाल्यांच्या विरोधात." 2021 साली मी इथली नागरिक झाले तेव्हा मलाही ते इतकंच सरळ वाटलं होतं. वर्षभरात मतपत्रिका हातात आली आणि त्या सरळपणाची हवाच गेली.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, हॉर्शमजवळ. राज्याच्या विधानसभेत 203 जागा, म्हणजे एक मतदारसंघ साधारण 64 हजार वस्तीचा. आपल्याकडे एवढ्यावर नगरसेवक निवडून येतो, इथे आमदार. आमचा मतदारसंघ 151 क्रमांकाचा. 2022 मध्ये तिथे रिपब्लिकन पक्षाचे टॉड स्टीफन्स उभे होते, बारा वर्षांचे आमदार, आणि समोर डेमोक्रॅट पक्षाच्या मेलिसा सेराटो. चुलतभावाच्या हिशेबाने उत्तर ठरलेलं: रिपब्लिकन म्हणजे बंदुकवाले, शिक्का दुसरीकडे.

पण स्टीफन्स हा त्या पक्षातला वेगळाच माणूस. ज्याला इथे रेड फ्लॅग कायदा म्हणतात, त्याचं विधेयक पेनसिल्व्हेनियात मांडणारा आमदार तोच. एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका झालाय असं घरच्यांना किंवा पोलिसांना वाटलं, तर न्यायाधीशाकडे जायचं आणि त्याच्या बंदुका काही काळासाठी काढून घ्यायच्या, असा तो कायदा. अमेरिकेत 2021 या एका वर्षात बंदुकीने 48 हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बातम्यांत शाळा दिसतात, आकड्यांत मात्र एकटी बसलेली माणसं जास्त असतात.

हे मला इथल्या कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या निफाड तालुक्यात "अमक्याने औषध घेतलं" याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. एका वर्षी गारपिटीनंतर नाना आठ-दहा दिवस कुणाशी बोलेनात. आईने काही न विचारता फवारणीच्या औषधाचे डबे पिशवीत घातले आणि मळ्यापलीकडे काकांच्या घरी नेऊन ठेवले. काकांनीही विचारलं नाही. पाऊस पडल्यावर डबे परत आले. रेड फ्लॅग म्हणजे काय हे मी आईला फोनवर सांगू लागले तेव्हा अर्ध्यातच ती म्हणाली, "हां, डबे हलवायचे." फरक एवढाच की बंदुकीचे डबे हलवायला इथे न्यायाधीश लागतो, कारण या राज्याच्या घटनेतच लिहिलंय की स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याच्या नागरिकांच्या हक्काविषयी प्रश्न उपस्थित केला जाणार नाही. आपल्याकडेही तसं होऊ शकलं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणून तर आचारसंहिता लागली की आपल्याकडे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करतात आणि त्यावर कुणाला काही वाटत नाही.

तर बंदुकीच्या प्रश्नावर मला हवं ते बोलणारा उमेदवार नको त्या पक्षात बसला होता. शिवाय पाणी. विलो ग्रोव्हच्या जुन्या नौदल विमानतळावर आग विझवायचा फेस वर्षानुवर्षं वापरला, त्यातली पीएफएएस नावाची रसायनं जमिनीत मुरली आणि 2014 मध्ये हॉर्शमच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. त्या पाण्याच्या कामात स्टीफन्सने खरोखर मेहनत घेतली होती. आमचा शेजारी उत्तरेच्या डोंगरात दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो, त्याच्या तळघरातला डीप फ्रीझर मार्चपर्यंत मांसाने भरलेला असतो. त्याचा रेड फ्लॅगवर भयंकर राग. "माझ्या बायकोच्या बहिणीने उद्या अर्ज केला तर?" हा त्याचा आवडता प्रश्न, आणि तो अगदीच खुळा आहे असं मी म्हणणार नाही. तरी कुंपणावर हात टेकून तो मला म्हणाला, मत स्टीफन्सलाच, नळाला स्वच्छ पाणी आलं ते त्याच्यामुळे. म्हणजे बंदुकीवर जीव असलेला माणूस बंदूक बाजूला ठेवून पाण्याला मत देत होता, आणि बंदुकीला घाबरणारी मी त्याच माणसाविरुद्ध जायच्या विचारात.

माझं कारण खरं सांगायचं तर आधी बंदूक नव्हतंच. त्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लागोपाठ दोन दिवस दोन निकाल दिले. 23 तारखेला घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क रुंदावला, 24 तारखेला गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. जुलैत पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क नाही असं लिहून घेणारी दुरुस्ती पहिल्यांदा मंजूर केली. तिला निवडणुकीनंतर येणाऱ्या नव्या विधिमंडळाची पुन्हा मंजुरी आणि मग सार्वमत लागणार होतं. मला मुलगी आहे. यादीत पहिलं काय आलं असेल ते सांगायला नको.

पण बंदुकीपुरतंच पाहिलं तरी मी तिथेच पोचले असते, आणि हे मला पटायला वेळ लागला. स्टीफन्सचं विधेयक त्याच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सभागृहात कधी मतदानाला आलं नाही. 2019 मध्ये न्यायविषयक समितीच्या अध्यक्षाने जाहीरच केलं, मी या खुर्चीत आहे तोवर असलं विधेयक घेणार नाही. अध्यक्षही स्टीफन्सच्याच पक्षाचा. चांगला माणूस, चांगलं विधेयक, आणि दाराला आतून कडी.

मी सेराटोंना मत दिलं. मतमोजणी आठवडाभराहून जास्त चालली आणि शंभरापेक्षाही कमी मतांनी त्या निवडून आल्या. तेवढ्यावर सभागृह डेमोक्रॅटांकडे फिरलं: 102 विरुद्ध 101. शेजाऱ्याने दोन आठवडे फक्त हात हलवला, बोलला नाही.

मे 2023 मध्ये रेड फ्लॅग विधेयक त्या सभागृहाने 102 विरुद्ध 99 ने मंजूर केलं. ते ज्याने आधी मांडलं होतं तो घरी बसलेला. मला त्याचं वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. बंदूक विकताना खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याच्या पळवाटा बंद करणारं विधेयकही झालं. हरवलेली किंवा चोरीला गेलेली बंदूक पोलिसांना कळवायची सक्ती मात्र एका मताने पडली. पाडणारं मत एका डेमोक्रॅट आमदाराचं, राज्याच्या पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांच्या मुलखातलं. त्याला आपल्या गावात परत जायचं होतं. मंजूर झालेली दोन्ही विधेयकं वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये गेली. तिथे रिपब्लिकनांचं बहुमत. अधिवेशन संपेपर्यंत ती तिथेच पडून राहिली.

हे सगळं मी नानांना सांगत असे तेव्हा ते "असं होय" म्हणून विषय बदलायचे. मग 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावला लिलाव थांबले, भाव कोसळला. लोकसभेला दिंडोरीत भाजपच्या भारती पवार उभ्या होत्या, केंद्रात राज्यमंत्री. नाना वर्षानुवर्षं त्याच पक्षाला मत देणारे. मी विचारलं, रस्ते झाले, घरात गॅस आला, किसान सन्मानचे पैसे येतात, एका कांद्यापायी सगळं सोडणार? नाना म्हणाले, "बाई वाईट नाही. पण कांदा अडवणारे दिल्लीत, आणि ती त्यांच्यातली. तिने तिथं कितीही सांगितलं तरी तिचं ऐकणार कोण?" मतदानाच्या पंधरवडाभर आधी बंदी उठली, तीही जकात आणि किमान दर लावून. पवार हरल्या.

जे समजायला मला एक सभागृह आणि दोन वर्षं लागली, ते नानांनी बाजार समितीच्या ओट्यावर बसून दोन वाक्यांत सांगितलं. पुण्या-मुंबईचे माझे मित्र अशा मतदाराला "एकाच मुद्द्याचा" म्हणून हिणवतात. इथले सुशिक्षित लोक शिकाऱ्यांना हिणवतात तसंच. माझ्या यादीत दहा मुद्दे आहेत याचा मला अभिमान वाटायचा. पण दहा मुद्द्यांवर थोडं थोडं रुसणाऱ्या बाईला कुठला आमदार घाबरतो? पश्चिमेकडच्या त्या आमदाराला कोण आठवलं असेल हे उघड आहे.

आणि बंदूक माझ्या यादीत वर सरकली ती आकड्यांनी नाही. गेल्या वर्षी आईने नातीसाठी नाशिकहून चांदीचे पैंजण पाठवले, घुंगरू असलेले. एक दिवस घातले, दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना काढून टेबलावर ठेवले. मी म्हटलं, बाई रागावल्या का? "नाही. आज लॉकडाऊन ड्रिल आहे. कोपऱ्यात बसलं की वाजतात." लॉकडाऊन ड्रिल म्हणजे शाळेत बंदुकवाला शिरला तर वर्गात गपचूप लपून बसायची तालीम. इतक्या सहज बोलली, जशी छत्री विसरले म्हणावं. मी आईला सांगितलं की पैंजणाची कडी सैल झाली आहे.

नानांना मात्र खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते वरचं सभागृह, तिथं किती जागा?"

"पन्नास. त्यांच्या सत्तावीस, आमच्या तेवीस."

"म्हणजे तीन कमी. मग त्या तिघांच्या गावात तुझ्या ओळखीचं कोण राहतं?"