रजा मिळाली की ध्यान करू

इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या शिबिरात दहा दिवस राहून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. आठवडाभर हळू बोलतो, एकेक घास चावून खातो, घरच्यांना जरा भीतीच वाटते. महिन्याभरात गाडी पुन्हा मूळपदावर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिथं जमतं हो, इथं संसारात कुठं?"

मला हे पटत नाही. ही विपश्यना आपल्यापर्यंत आणली तीच मुळी संसारी माणसांनी. ब्रह्मदेशातले सया तैजी शेतकरी. त्यांचे शिष्य ऊ बा खिन देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये तिथले अकाउंटंट जनरल झाले. एकाच वेळी अनेक खात्यांचा कारभार बघायचे आणि कचेरीतल्या लोकांनाही ध्यानाला बसवायचे. विपश्यना भारतात आणणारे गोएंका गुरुजी व्यापारी. १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते मायग्रेनला कंटाळून. नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असं त्यांना आधी ऐकावं लागलं होतं!

आता घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात, ते अवघड आहे हे मान्य. पहाटे उठून चार डबे भरणारी बाई डोळे मिटून बसली की पाचव्या मिनिटाला "अगं, साखर कुठंय?" येतंच. तिच्यात चिकाटी नाही म्हणणाऱ्यांनी आधी साखरेचा डबा शोधायला शिकावं.

पण शिबिरात शिकवतात काय? पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. पुढे अंगभर काय जाणवतंय ते बघायचं, आणि त्याच्यामागे धावायचं नाही. याचा खरा उपयोग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पार्किंगवरून कुणीतरी टोमणा मारतो. कान तापतात, श्वास आखूड होतो, दात आवळले जातात, अंगठा कीबोर्डवर गेलेला असतो. तिथंच थांबून तापलेल्या कानांकडे लक्ष द्यायचं. राग दाबायचा नाही, कुरवाळायचाही नाही. थोड्या वेळात कान निवतात. मग खुशाल उत्तर लिहा, लिहायलाच हवं. पार्किंगचा प्रश्न ध्यानानं सुटत नाही. पण चार ओळींच्या जागी एकच ओळ जाते, आणि तीही मुद्द्याची.

म्हणूनच हल्ली ऑफिसांत चालणारी 'माइंडफुलनेस'ची, म्हणजे सजग राहायला शिकवणारी सेशन्स बघून हसू येतं. माणसं कमी करायची, उरलेल्यांवर दुप्पट काम टाकायचं आणि शनिवारी सुट्टीच्या दिवशी बोलावून सांगायचं, दीर्घ श्वास घ्या. लक्ष देऊन श्वास घेतलेल्या माणसाला तर आधी हेच दिसेल की आपण शनिवारी ऑफिसात बसलोय. एचआरला ते चालणार आहे का?